विजेच्या गिटारीचा कान

मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली ह्यांसारख्या उपनगरांत राहणाऱ्या कुटुंबांत अलीकडे एक नवाच प्रश्न उपस्थित होऊं लागला आहे. पूर्वीं घरांतलें मूल गाणें शिकूं लागलें म्हणजे पेटी येई, तबला येई, फार झालें तर मिरजेहून तंबोरा येई. आतां त्याच कोपऱ्यांत विजेची गिटार उभी असते, आणि ती येऊन वर्ष-दोन वर्षें लोटतात न लोटतात तोंच मुलगा वडिलांसमोर येऊन म्हणतो, "हिचे पिकअप बदलावयाचे आहेत, पैसे द्या." पिकअप म्हणजे काय हें वडिलांस ठाऊक नसतें, मुलास तें नीट सांगतां येत नाहीं, मग एक तर पैसे डोळे मिटून दिले जातात, नाहीं तर डोळे वटारून नाकारले जातात. आमच्या मतें हे दोन्ही प्रकार सारखेच चुकीचे आहेत. आम्ही सारें आयुष्य मुलांकडून शब्दरूपें पाठ करून घेण्यांत घालविलें; वीज आणि गिटार ह्या दोहोंशींहि आमचा संबंध नव्हता. तथापि गेल्या पावसाळ्यांत हा प्रसंग आमच्याच घरीं आला, त्यांत आम्हांस लक्ष घालावें लागलें, आणि जें कळलें तें इतर कुटुंबांस उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून येथें लिहीत आहों.

आमच्या घरची गिटार नवी नव्हे. आमचा धाकटा भाऊ भांडुपच्या एका कारखान्यांत नोकरीस होता. १९८६ सालीं त्यानें बोनसच्या पैशांतून एक देशी बनावटीची विजेची गिटार विकत घेतली. त्या काळीं आयातीवर निर्बंध असत व जकातहि जबर असे, त्यामुळें परदेशी गिटार सामान्य पगारदाराच्या आवांक्याबाहेर होती. दिवसा यंत्रावर उभें राहावें आणि गणेशोत्सवांत रात्रीं उपनगरांतल्या मांडवांतून ऑर्केस्ट्रामध्यें गिटार वाजवावी, असा त्याचा क्रम असे. १९७१ सालच्या 'हरे रामा हरे कृष्णा' ह्या चित्रपटांत भूपिंदर सिंग ह्यांनीं वाजविलेली गिटार त्या पिढीच्या कानांत बसलेली होती. १९८४ सालीं मुंबईंत निघालेल्या 'रॉक मशीन' ह्या संचांत महेश तिनईकर गिटार वाजवीत. १९८६ सालीं सुरू झालेले 'इंडिपेंडन्स रॉक'चे जलसे पुढें अनेक वर्षें धोबीतलावाजवळच्या रंगभवनांत होत. भाऊ लोकल गाडीनें तेथें जाई व मध्यरात्रीं परते.

आम्हांस हें मुळींच रुचत नसे. शिक्षकाच्या घरांतला मनुष्य मांडवांत उभा राहून तारा खणखणवितो ह्याची आम्हांस लाज वाटे, आणि तसें आम्हीं त्यास चारचौघांत बोलूनहि दाखविलें. त्यानें उलट उत्तर केलें नाहीं. मात्र आम्ही घरांत असूं तोंवर गिटार पेटींतून बाहेर काढणें त्यानें सोडून दिलें. २०२१ सालीं तो गेला, आणि गिटार माळ्यावर राहिली.

दहावीची परीक्षा संपल्यावर आमच्या नातवानें ती खालीं काढली व शिकवणी लावली. वर्षभरांत हात बसला. परंतु वाद्याबद्दलच्या तक्रारी वाढूं लागल्या. गिटार जोडली कीं अखंड गुणगुण ऐकूं येई. आवाज वाढविला कीं कर्कश शीळ सुरू होई. आणि तीन पिकअपांपैकीं घोडीजवळचा तर बोलतच नसे. नातू म्हणाला, "आजोबा, तिन्ही पिकअप काढून नवे मोठे बसवूं. लाकूड थोडें कोरावें लागेल, इतकेंच." एका नगाची किंमत साडेनऊ हजार रुपये होती. चिरंजीव पैसे द्यावयास तयार झाले. परंतु लाकूड कोरण्याचें नांव ऐकतांच आमच्या पोटांत कालवलें. भावाचा आवाज म्हणून जें काय उरलें होतें तें त्या तारांखालींच, आणि तेंच उखडून टाकावयाचें! आम्हीं नातवास म्हटलें, "आधीं पिकअप म्हणजे काय तें मला समजावून दे, मग पैशांचें पाहूं."

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रांत वाद्यांचे तत, सुषिर, अवनद्ध व घन असे चार वर्ग केले आहेत. गिटार हें तत म्हणजे तारेचें वाद्य. परंतु सतारीचा नाद भोपळ्यांत घुमतो, साध्या गिटारीचा पोकळ लाकडी पेटींत घुमतो. विजेच्या गिटारीचें अंग मात्र बहुधा भरीव फळीचें असतें. नुसत्या तिच्या तारा छेडल्या तर शेजारच्या खोलींतहि ऐकूं जावयाच्या नाहींत. तारांखालीं जी अरुंद पट्टी बसविलेली असते तीच पिकअप, आणि तोच ह्या वाद्याचा कान. त्यांत लोहचुंबक असतो व त्याच्याभोंवतीं तांब्याच्या तारेचे वेढे घेतलेले असतात. ही तार सुमारें ०.०६ मिलिमीटर जाडीची, म्हणजे केसासारखी, आणि वेढे सात-आठ हजारांच्या घरांत. वरची पोलादी तार चुंबकाच्या सान्निध्यानें स्वतः चुंबकित होते. ती कंप पावली कीं चुंबकाचें क्षेत्र हालतें, आणि हालत्या क्षेत्रामुळें वेढ्यांत अत्यंत सूक्ष्म विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. मायकेल फॅरडे ह्यांनीं १८३१ सालीं शोधून काढलेला नियम तो हाच. वीजघरांतलीं जनित्रेंहि ह्याच नियमानें चालतात. तो सूक्ष्म प्रवाह ध्वनिवर्धकांत गेला म्हणजे आपणांस गिटार ऐकूं येते.

ह्याची प्रचीति आम्हीं घरच्या तंबोऱ्यावर घेतली. नातवाच्या मित्राकडे एक सुटा पिकअप होता. तो ध्वनिवर्धकास जोडून तंबोऱ्याच्या तारांजवळ धरला. जोडाच्या पोलादी तारा छेडतांच खणखणीत ऐकूं आल्या. खर्जाची पितळी तार मात्र किती छेडली तरी मुकीच. पितळेस चुंबक ओळखीत नाहीं, मग हा कान तरी कसा ओळखील? वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं तंबोरा व गिटार दोन्ही असतील त्यांनीं हा प्रयोग मुलांस अवश्य दाखवावा.

फॅरडे ह्यांच्या शोधास शंभर वर्षें होत होतीं त्याच १९३१ सालीं अमेरिकेंत जॉर्ज बीचम व अडॉल्फ रिकनबॅकर ह्यांनीं असा कान गिटारीस बसविला. ती गिटार मांडीवर आडवी ठेवून पोलादी कांडीनें वाजवावयाची, हवाई पद्धतीची होती. तिच्या आकारावरून तिला तळण्याच्या तव्याचें नांव पडलें. ह्याच हवाई पद्धतीनें गिटार आडवी ठेवून पुढें पंडित ब्रिजभूषण काब्रा ह्यांनीं तिच्यावर रागदारी वाजविली; १९६७ सालची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही त्यांची, शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया ह्यांची ध्वनिमुद्रिका अनेक घरीं असेल.

पहिल्या पिकअपांत वेटोळें एकच असे, आणि त्यांत एक उपजत दोष होता. वेटोळें तारेचा कंप टिपतें तसाच घरांतल्या विजेचाहि टिपतें. आपल्याकडे विजेचा प्रवाह सेकंदास ५० आवर्तनें करतो; पंखे, दिवे, ट्रान्सफॉर्मर ह्यांच्याभोंवतीं त्याचें क्षेत्र पसरलेलें असतें, आणि तेंच गुणगुणीच्या रूपानें ऐकूं येतें. ह्यावर गिब्सन कंपनींतील सेथ लव्हर ह्यांनीं १९५५ सालीं एक युक्ति योजिली. त्यांनीं दोन वेटोळीं शेजारीं ठेवलीं, एकाचें चुंबकाचें टोंक दुसऱ्याच्या उलट ठेवलें आणि वेढ्यांची दिशाहि उलट केली. परिणामीं तारेचा नाद दोन्हींत मिळून वाढतो, व बाहेरची गुणगुण मात्र एकमेकींस मारून टाकते. ह्या दुहेरी पिकअपास 'हंबकर', म्हणजे गुणगुणीस थोपविणारा, असें नांव आहे. एकेरीचा आवाज स्वच्छ व चकचकीत, दुहेरीचा भरदार व गोलसर. ह्यांत श्रेष्ठ-कनिष्ठ असें कांहीं नाहीं. दोहोंस आपापले चाहते आहेत. जुना कान काढून नवा बसविण्याची टूम मात्र १९७२ सालीं लॅरी डिमार्झिओ ह्यांनीं अशा विक्रीसाठींच बनविलेल्या पिकअपापासून निघाली, आणि आतां त्यांचे प्रकार इतके झाले आहेत कीं, त्यांतून निवड करणें हीच एक विद्या झाली आहे.

इतकें कळल्यावर आम्ही गिटार घेऊन घाटकोपरास एका वृद्ध कारागिराकडे गेलों. ते ध्वनिवर्धक व वाद्यें दुरुस्त करतात. नातवानें नव्या पिकअपांची नांवें सांगावयास सुरुवात केली, तेव्हां ते म्हणाले, "नांवें मागाहून. आधीं हिला काय झालें आहे तें पाहूं." हें वाक्य ऐकून आमचा त्यांच्यावर विश्वास बसला, कारण व्याधि ओळखल्यावांचून औषध देऊं नये हें आम्ही घरीं सांगून थकलों होतों.

त्यांनीं प्रथम तारांवर पंजा ठेवला. गुणगुण कमी झाली नाहीं. ते म्हणाले, "तारांना हात लावला कीं आवाज शांत व्हावयास पाहिजे. होत नाहीं, म्हणजे घोडीस जोडलेली अर्थिंगची तार सुटलेली आहे." मागची झांकणी उघडली तों ती तार गंजून तुटलेली आढळली. कथलाचा एक डाग देतांच निम्मी गुणगुण नाहींशी झाली. मग त्यांनीं पेन्सिलीच्या टोंकानें पिकअपांवर हलकेच टिचकी मारली. ध्वनिवर्धकांतून दारावर थाप मारावी तसा आवाज आला. ह्याचा अर्थ वेढे सैल झाले होते व स्वतःच थरथरत होते. शीळ येण्याचें कारण तें. असे वेढे वितळलेल्या मेणांत बुडवून घट्ट करतात. परंतु मेण ६५ अंशांच्या वर तापवूं नये, नाहीं तर प्लास्टिकची चौकट वांकते, आणि तें कधींहि उघड्या आंचेवर तापवूं नये. तिसरी गोष्ट, तारा. मुंबईच्या दमट हवेंत पोलाद लवकर गंजतें; गंजलेल्या तारेचा आवाज बोथट होतो आणि मुलें त्याचा दोष पिकअपास देतात. चौथी गोष्ट, उंची. पिकअप तारांच्या फार जवळ आला तर चुंबक तारेस ओढतो व स्वर बेसूर होतात; दोन-तीन मिलिमीटर अंतर ठेवून दोन स्क्रू फिरविले कीं काम भागतें.

शेवटीं मीटर लावला. दोन पिकअपांचा रोध सुमारें सहा हजार ओहम भरला, म्हणजे ते शाबूत होते. तिसऱ्याचा कांटा हललाच नाहीं. आंतली तार तुटली होती. ह्या आंकड्याविषयीं पुष्कळांचा गैरसमज असतो. अधिक ओहम म्हणजे अधिक चांगला, असें तरुण मंडळी समजतात. वस्तुतः हा आंकडा मुख्यतः वेढ्यांची लांबी व तारेची जाडी सांगतो. वेढे वाढविले कीं आवाज मोठा होतो हें खरें, पण त्याबरोबर वरच्या स्वरांची चमक कमी होत जाते.

येणेंप्रमाणें तीन पिकअपांचा प्रश्न एकावर येऊन ठेपला, आणि सव्वा-अठ्ठावीस हजारांपुढें गेलेला खर्च तिसऱ्या हिश्शावर आला. परंतु खरी निवड येथेंच होती. मार्ग चार होते. तोच जुना पिकअप पुन्हां गुंडाळून घ्यावा. तसाच एकेरी नवा घ्यावा. लाकूड कोरून पूर्ण आकाराचा दुहेरी बसवावा. किंवा एकेरीच्याच मापाच्या चौकटींत दोन अरुंद वेटोळीं बसविलेला दुहेरी मिळतो तो, कोठेंहि कोरकाम न करतां, जुन्याच खांचेंत बसवावा. कारागीर नातवास म्हणाले, "तूं काय वाजवितोस तें सांग. घोडीजवळची तार ताठ असते, म्हणून तेथला आवाज टोंकदार, दांडीजवळचा मऊ. घोडीजवळ जाड आवाज हवा असेल तर दुहेरी घे. गाण्याच्या मागें साथ करावयाची असेल तर एकेरी बरा." नातवानें थोडा विचार करून दुहेरी मागितला. आमचा कल अर्थातच जुना गुंडाळून घेण्याकडे होता. तोच पिकअप, तोच आवाज, भावाच्या वेळचा. आम्हांस दुसरें कांहीं नको होतें. निर्णय दुसऱ्या दिवशीं कळवितों असें सांगून आम्ही परतलों.

रात्रीं जेवणें झाल्यावर हा विषय घरांत निघाला. आमची भावजय, जिला घरांतलीं सारीं मुलें काकू म्हणतात, ती एरवीं आमच्यापुढें फारसें बोलत नाहीं. त्या रात्रीं ती पानाचें तबक सरकवून म्हणाली, "भाऊजी, हा आवाज जपावा असें तुम्हांला वाटतें, पण त्यांना तो कधींच मनासारखा वाटला नाहीं. मांडवांतून आले कीं म्हणायचे, घोडीजवळचा चांगला मिळाला असता तर बहार आली असती. तेव्हां मिळत नव्हता. पुढें मिळूं लागला तोंवर मुलीचें शिक्षण निघालें, मग राहूनच गेलें. तुम्ही एकदां विचारलें असतेंत तर त्यांनींच सांगितलें असतें."

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. पस्तीस वर्षें एका छपराखालीं राहून, तो काय वाजवितो आणि त्यास त्यांत काय कमी वाटतें, हा प्रश्न आम्हीं त्यास एकदांहि केला नव्हता. आणि आतां जो आवाज त्याचा म्हणून आम्ही जपावयास निघालों होतों, तो त्याच्या दृष्टीनें केवळ परिस्थितीनें गळ्यांत बांधलेला होता. त्याची आठवण जपावयाची तर त्याची इच्छा कोणती होती हें आधीं पाहावयास नको काय? दुसऱ्या दिवशीं आम्हींच नातवास घेऊन घाटकोपर गांठलें.

आम्हीं घातलेली अट एकच, कीं जें करावें तें परत फिरवितां यावें. म्हणून लाकडास पटाशी लावली नाहीं. घोडीजवळ एकेरीच्या मापाचा दुहेरी पिकअप बसविला. उरलेले दोन जुनेच, मेणांत बुडवून, ठेविले. घेण्यापूर्वीं खांचेची खोली व पहिल्या तारेपासून सहाव्या तारेपर्यंतचें अंतर मोजलें. कारण घोडीजवळ हें अंतर दांडीजवळच्यापेक्षां थोडें अधिक असतें, आणि तारा पिकअपाच्या ऐन वर आल्या नाहींत तर कडेच्या तारांचा आवाज दबतो. आवाज कमीजास्त करण्याच्या बटणाखालीं जो रोधक असतो तो एकेरी पिकअपांसाठीं सामान्यतः अडीच लाख ओहमचा व दुहेरीसाठीं पांच लाखांचा वापरतात. आम्हीं जुना अडीच लाखांचाच राहूं दिला. त्यामुळें नव्याची धार किंचित् मऊ झाली, व ती जुन्या दोहोंशीं बरी जुळली. बसविल्यावर नवा व मधला एकत्र वाजविले तों आवाज अगदींच पातळ येऊं लागला. नातू घाबरला. कारागिरांनीं हंसून नव्याच्या दोन तारांची अदलाबदल केली आणि आवाज भरून आला. दोघांचे प्रवाह परस्परविरुद्ध दिशांनीं वाहून एकमेकांस खात होते, इतकेंच.

निघतांना कारागिरांनीं आमच्या घरच्या भिंतींतील वायरिंगविषयीं विचारलें. गिटारीच्या तारा अर्थिंगच्या तारेमार्फत ध्वनिवर्धकाच्या अर्थिंगशीं जोडलेल्या असतात. जुन्या इमारतींत तीन छिद्रांच्या प्लगाचें तिसरें छिद्र पुष्कळदां नुसतें शोभेचें असतें. अशा ठिकाणीं दोष उत्पन्न झाला तर वाजविणाराच्या हातांतून वीज जाते. १९७२ सालीं वेल्समधील स्वान्सी येथें लेस हार्वी नांवाचा तरुण गिटारवादक अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून रंगमंचावरच मरण पावला. आम्हीं परततांच वायरमन बोलावून तपासणी केली. वाचकांनींहि पिकअपाच्या आधीं हा खर्च करावा.

आतां ज्यांच्या घरीं हा प्रश्न येईल त्यांस आमचें सांगणें थोडक्यांत असें. प्रथम नव्या तारा चढवाव्या. मग हात ठेवून गुणगुण कमी होते कीं नाहीं तें पाहावें, टिचकी मारून वेढे सैल आहेत काय तें ऐकावें, स्क्रू फिरवून उंची जुळवावी व मीटर लावावा. इतकें करून आवाज समाधानकारक आला तर पैसे वांचले. न आला तर मुलास विचारावें, "तुला आतां जें ऐकूं येत नाहीं आणि यावेंसें वाटतें, तें काय?" ज्याला ह्याचें उत्तर देतां येईल त्यास पैसे खुशाल द्यावे, ज्याला नुसतें कंपनीचें नांव सांगतां येईल त्यास आणखी सहा महिने ऐकावयास सांगावें. जुना भाग टाकूं नये, आणि शक्यतों लाकडास हात लावूं नये.

ही दुरुस्ती होऊन आतां चार महिने झाले. संध्याकाळीं नातू वाजवितो तेव्हां आम्ही बाहेरच्या खोलींत न जातां तेथेंच खुर्ची घेऊन बसतों. घोडीजवळचा पिकअप लावला कीं भावजय स्वयंपाकघरांतून दारांत येऊन उभी राहते. तुटलेला जुना पिकअप आम्हीं एका पत्र्याच्या डबींत ठेविला आहे व त्यावर भावाचें नांव आणि १९८६ हें साल लिहून चिकटविलें आहे. नातवानें ती चिठ्ठी वाचून विचारलें, "आजोबा, धाकटे आजोबा काय काय वाजवीत असत?" आम्हांस सांगतां आलें नाहीं. आम्हीं त्यास काकूकडे पाठविलें, आणि मागोमाग आम्हीहि ऐकावयास गेलों.